भुंग्याचं भोक आणि रॉकेलची बाटली

उन्हाळ्याच्या तोंडी या पानाकडे येणाऱ्या पत्रांत कुरडया-पापड आणि मुलांच्या सुट्ट्या असतात. यंदा पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून वेगळंच पत्र आलं. घर कुडाचं, वर कौलं, आढं-वासे लाकडाचे. मालक द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले. ओटीवरच्या तुळईला भुंग्यांनी बोटाएवढी गोल भोकं पाडलीत, खाली रोज भुसा पडतो आणि त्याच तुळईला बाळाचा पाळणा टांगलाय. शेजारचे म्हणतात, भोकात रॉकेल ओत आणि काडी लाव. "काय करू?" एवढाच प्रश्न. त्या बाईच्या डोक्याला अक्षरशः भुंगा लागला असणार!

उत्तर एका ओळीत देता येईल. पाळणा आजच दुसरीकडे बांधा आणि काडी मुळीच लावू नका. पण हा भुंगा पेठलाच नव्हे, आपल्या तालुक्याच्या गावांतही माडीच्या कठड्यात, झोपाळ्याच्या दांडीत, मांडवाच्या बांबूत राहतो. म्हणून जरा सविस्तर.

हा काळा, दोन-तीन सेंटिमीटरचा, ऊन पडलं की पंख निळे-जांभळे चमकणारा भुंगा म्हणजे मधमाशीचीच एकटी राहणारी बहीण. काहींच्या पाठीवर पिवळी लवही असते. पोळं नाही, राणी नाही, काढून घेण्याजोगा मध नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचा मोह सांगताना कोरडं लाकूड सहज भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकणारा भ्रमर येतो, तो हाच. फक्त लाकूड कोरण्याचं काम भ्रमर करत नाही, त्याची मादी करते. (इथे तुम्ही हसला असाल तर मीही हसले.) जबड्यानं गोल दार पाडायचं, आत वळून लाकडाच्या रेषेनं बोगदा न्यायचा, परागकण आणि मकरंद मळून गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं घालायचं, भुशाची भिंत घालायची, मग पुढची खोली. अंडी मोजकीच, पण कीटकांमधल्या सर्वांत मोठ्या अंड्यांत त्यांची गणना होते. आपल्या तोंडासमोर येऊन गरगर घोंगावतो तो बहुतेक वेळा नर. त्याला नांगीच नसते. नांगी मादीला असते, पण हातात धरली, चिरडली तरच ती चावते.

आणि ती लाकूड खात नाही. वाळवी खाते. बांबूतून पिठासारखी बारीक पूड गळते ती घुण्याची. त्यासाठीच जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात बांबू तोडून पाण्यात बुडवून ठेवत. पाण्यात बांबूचं पिष्ट निघून जातं आणि घुण्याला खायला उरत नाही. भुंग्याचा भुसा जाडसर असतो, भोक स्वच्छ गोल असतं, खाली पिवळट ओघळ दिसतात. हा फरक कळणं महत्त्वाचं, कारण वाळवीचं औषध भुंग्याला घालण्यात पैसे आणि जीव दोन्ही जातात.

जीव जातात हे उगाच म्हणत नाही. भोकात पेटता बोळा घालणं म्हणजे वर्षभर वाळलेल्या वाशात विस्तव ठेवणं. आग आत धुमसते आणि सगळे झोपल्यावर वर येते. रेशनचं रॉकेल दुर्मीळ झालं तसं लोक पेट्रोल वापरू लागलेत, ते तर त्याहून वाईट. दुसरा उपाय शेतातल्या फवारणीचं उरलेलं औषध. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते उघड्या शिवारात. आपण तेच औषध पाळण्यावरच्या, चुलीवरच्या लाकडात ओतायचं? औषधाच्या दुकानात "भुंग्यावर काहीतरी द्या" म्हटलं की काहीतरी मिळतंच. ते आणू नका.

करायचं ते सोपं आहे, फक्त धीर लागतो. आधी भोकात कागदाचा सैल बोळा बसवा. आत कोणी असेल तर दोन-तीन दिवसांत तो बाहेर ढकललेला दिसेल. मग थांबा, पिल्लं उडून जाऊ द्या. आत असताना बुजवलं तर मादी शेजारी दुसरं भोक पाडून बाहेर येते, म्हणजे एकाची दोन. भोक रिकामं झालं की भांडी घासायची तारेची घासणी आत कोंबा, वरून लाकडाची खुंटी ठोका, लांबी भरा आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या. रंगवलेलं, गुळगुळीत लाकूड भुंग्याला आवडत नाही. त्याला हवं असतं उघडं, उन्हानं भुरकट झालेलं, मऊ लाकूड. मांडवाच्या बांबूंची उघडी टोकं शेणमातीनं लिंपली तरी पुरतं. जुनी भोकं तशीच सोडू नका, तीच जागा पुढच्या पिढ्या वापरतात.

आणि जाताना त्याला जागा द्या. चार वाळक्या बांबूंची मोळी परसात, पाऊस लागणार नाही अशी आडवी टांगा. हे भूतदया म्हणून सांगत नाही, वांग्यासाठी सांगतेय. वांगी-टोमॅटोच्या फुलात पराग एका नळीत असतात, टोकाला बारीक छिद्र. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग भुरकन बाहेर पडतात. पाळीव मधमाशीला ही युक्ती जमत नाही. तुरीच्या आणि तागाच्या फुलांवरही तो दिसेल. आपल्या सह्याद्रीतच, भीमाशंकरच्या जंगलात, हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस यांनी वारस वृक्षाची फुलं रात्री असाच एक मोठा भुंगा फळवतो हे दाखवलं. त्यांचा निबंध २००१ साली छापून आला. पुढे २००८ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांसोबत त्यांनी दाखवलं की तिथला दुसरा एक भुंगा नुसत्या चांदण्यांच्या उजेडातही रंग ओळखतो. त्या उजेडात आपल्याला स्वतःचा हातही नीट दिसत नाही.

तरी पत्रातल्या तुळईचं दुखणं खरंच आहे. एक-दोन भोकांनी घर पडत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच लाकडात बोगदे वाढत गेले आणि पेठसारखा पाऊस भोकांतून मुरला, की लाकूड आतून कुजतं. मोगरीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर रंग-लांबीनं भागणार नाही, तुळई बदलावी लागेल. ते काम एकट्या बाईचं नाही आणि फुकटचंही नाही. "मालक आल्यावर बघू" या वाक्यावर अनेक घरांत पावसाळा येऊन ठेपतो. घर बाईनं सारवायचं, राखायचं, आणि सुताराला बोलवायचा शब्द मात्र तिचा नाही, हे मला पटत नाही. मालकांना फोन करा, पण परवानगी मागायला नको, पैसे पाठवा म्हणून सांगायला करा. शाकारणीला माणसं येतील त्याच दिवशी सुतारही बोलवा, कौलं उतरलेली असतात तेव्हा काम अर्ध्या वेळात होतं.

कामाच्या वेळी पोरांना लांब ठेवा. कोणाला चावलाच तर जागा साबणानं धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा. मधमाशीसारखा काटा आत राहत नाही, तेव्हा खरवडू नका. ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर हळद-चुना लावत बसू नका, लगेच १०८ ला फोन करा. पाड्यावर गाडी यायला वेळ लागतो, तोवर मिळेल त्या वाहनानं रस्त्यापर्यंत तरी निघा.