परवाना आहे, पगार नाही

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. माणसं हातापायांत बेड्या घालून आणली होती. त्या आठवड्यात माझ्या बहुतेक व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच सूर होता, ‘कायदा मोडला ना, मग भोगा.’ एरवी ‘घुसखोर’ हा शब्द ऐकून दचकणारे आमचे काही मुस्लिम मित्रही तो सहज वापरत होते. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

अमेरिकेत अशा कागद नसलेल्या माणसांची संख्या १ कोटीच्या वर आहे. त्यात काही लाख भारतीयही आहेत. त्यांच्यातली काही तरुण मुलं समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेऊन आपल्याच लोकांसाठी थेरपिस्ट होऊ पाहतायत. ‘किती जिद्दी मुलं’ म्हणून त्यांचं कौतुक होतं. मला त्या कौतुकाशीच भांडायचं आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. १९८२च्या निकालानं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सरकारी शाळेचं दार या मुलांना उघडं ठेवलं. पुढे १९९६च्या कायद्यानं व्यवसायाचा परवाना ही सरकारी सवलत ठरवली आणि राज्यानं स्वतंत्र कायदा केल्याशिवाय तो यांना मिळणार नाही, असं सांगितलं. कॅलिफोर्नियानं २०१४मध्ये तसा कायदा केला. तिथं परवाना देताना स्थलांतराचा दर्जा आडवा येत नाही, सोशल सिक्युरिटी नंबरऐवजी करदाता क्रमांक चालतो.

इथवर चांगलं आहे. पण विवाह व कुटुंब समुपदेशकाच्या परवान्यासाठी अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली ३,००० तास काम करावं लागतं. ते पगारी कर्मचारी म्हणून करा, नाहीतर स्वयंसेवक म्हणून. तिसरा मार्ग नाही. आणि कागद नसलेल्या माणसाला नोकरीवर ठेवायला केंद्राचा कायदा १९८६पासून मनाई करतो. २०१२च्या ‘डाका’ योजनेनं काहींना कामाची परवानगी मिळाली, पण त्यासाठी जून २००७पासून अमेरिकेत सलग राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर आलेली मुलं आपोआप बाहेर.

म्हणजे उरलं काय? फुकट ३,००० तास. आठवड्याला ३० तास धरले तर १०० आठवडे. पोट भरायला रात्री दुसरीकडे राबायचं आणि दिवसा दुसऱ्यांची दुःखं ऐकायची. राज्य म्हणतं, तुम्ही उपचार करायला लायक आहात. केंद्र म्हणतं, त्याचे पैसे घ्यायला नाही. या सक्तीच्या फुकट राबणुकीला जिद्द म्हणणं ही लबाडी आहे.

कुणी विचारेल, याच मुलांचा हट्ट कशाला? शिकलेले थेरपिस्ट कमी आहेत का? प्रश्न रास्त आहे. भीतीवर उपचार करताना एक नेहमीची पद्धत असते, भीती वास्तवाला धरून आहे की मनानं फुगवलेली, हे रुग्णासोबत तपासायचं. इथं भीती खरीच आहे. रुग्णालयं, शाळा, प्रार्थनास्थळं इथल्या अटकेवर जो काही सरकारी लगाम होता, तोही जानेवारी २०२५मध्ये काढला गेला. अशा वेळी ‘तुम्ही जास्त विचार करताय’ हे वाक्य रुग्णाला परत पाठवायला पुरेसं आहे. ज्यानं स्वतः हे जगलंय, तो थेट पुढच्या गोष्टीवर येतो. तुम्ही परतला नाहीत तर मुलांना शाळेतून कोण आणेल? कुणाचा नंबर पाठ आहे? हे ठरवलंय, तर मग आज रात्री झोप कशी येईल?

दुसरा आक्षेप असा, की जो स्वतः भेदरलेला आहे तो दुसऱ्याला काय सावरणार? अहो, ते ३,००० तास देखरेखीखाली ठेवलेत ते यासाठीही. माझं दुःख कुठलं आणि समोरच्याचं कुठलं, हे वेगळं करणं प्रत्येक थेरपिस्टला शिकावं लागतं. कागद असलेल्यालाही.

मला हे परकं वाटत नाही. २०१९च्या हिवाळ्यात आमच्या घरी अम्मीची ट्रंक उघडी पडली होती. आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं निघालं. अब्बा रात्री उठून दिवा लावायचे, फाइल चाळायचे, पुन्हा झोपायचे. आम्ही म्हणालो, ॲसिडिटी असेल. नातेवाईक म्हणाले, सब्र करा. त्यांना कुणाकडे न्यावं, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नेलं असतं, तरी त्या माणसाला आधी कागदांची गोष्ट समजावून सांगावी लागली असती.

आम्ही जन्मानं नागरिक आहोत, ते तिथं सीमा ओलांडून किंवा व्हिसा संपूनही राहिलेत. हा फरक मला मान्य आहे. पण रात्री दोनला जाग आल्यावर छातीत जे होतं, त्याला हा फरक कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. या तासांचा मोबदला द्या. नोकरी देता येत नसेल तर शिष्यवृत्ती द्या, जी शिकणाऱ्याला मिळते, कामगाराला नाही. आणि हे फक्त तिथल्या सरकारला सांगून भागणार नाही. अमेरिकेत गणेशोत्सवाला, ईद मिलनला मोठमोठे हॉल घेणाऱ्या आपल्या मंडळांनाही सांगतो. त्या हॉलमध्ये न येणारे, कॅमेरा दिसला की बाजूला होणारे भारतीयही तुमच्याच शहरात राहतात. त्यांचं ऐकून घेणाऱ्या एका मुलीचे किंवा मुलाचे ३,००० तास एका मंडळानं उचलले, तर कार्यक्रम एखादा कमी होईल. होऊ द्या.