जळलेले बोट म्हणजे हुन्नर नव्हे

मोबाइल, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब, पंख्याचे रेग्युलेटर दुरुस्त करणारी दुकाने आता जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्यात निघाली आहेत. मुलगा रिकामा बसण्यापेक्षा तिथे बसलेला बरा, म्हणून त्याला उस्तादाच्या हवाली करणारे पालकही पुष्कळ आहेत. यात गैर काहीच नाही. हाताला कसब आले की रोजीची चिंता निम्मी होते. आमची तक्रार शिकवण्याच्या रीतीबद्दल आहे. पहिल्याच दिवशी पोराच्या हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न द्यायचे, त्याचे बोट भाजले की हसायचे आणि 'आता शिकलास' म्हणायचे, ही रीत बंद झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वास्तविक हे काम आपल्या लोकांना नवे नाही. कल्हईवाले काय करत होते? भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकून त्याचा मळ काढायचा आणि मग कथील फिरवायचे. भांडे तापल्याशिवाय कथील धरत नाही आणि मळ निघाल्याशिवाय चकाकी येत नाही. सर्किटवरचा डाख याच नियमाने चालतो. फरक इतकाच की नवसागराच्या जागी राळ असते आणि ती डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. मात्र कल्हईवाला गल्लीत, उघड्या हवेत बसत असे. आजचा शागीर्द दहा बाय दहाच्या गाळ्यात, शटर अर्धे ओढून, बोर्डावर नाक टेकवून बसतो. पुढचा सगळा धोका इथून सुरू होतो.

डाखताना जो पांढरा धूर निघतो तो शिशाचा, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आयर्नच्या टोकाचे तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास असते आणि तेवढ्यावर शिशाची म्हणावी इतकी वाफ होत नाही. तो धूर जळणाऱ्या राळेचा असतो. पण म्हणून तो निरुपद्रवी समजू नये. राळेच्या धुराने काम करणाऱ्यांना दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्या धुरानेही छाती भरते. उपाय स्वस्त आहे. जुन्या संगणकातला बारा व्होल्टचा लहान पंखा टेबलावर असा ठेवावा की तो धूर तोंडापासून ओढून खिडकीकडे नेईल. पंखा तोंडावर सोडला तर धूर उलट अंगावर येतो आणि जोडही वेळेआधी थंड होतो.

मग शिसे कुठून जाते? तोंडातून. नेहमीच्या डाखात साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसे असते. दोन्ही हात अडकले की तार दातांत धरण्याची खोड आम्ही चांगल्या चांगल्या कारागिरांत पाहिली आहे. त्याच बोटांनी तंबाखू मळणे, त्याच बोटांनी वडापाव खाणे, हे तर रोजचेच. शिसे शरीरात साचत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय सर्वांत जास्त होतो. त्यामुळे काम संपल्यावर आणि काही खाण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा कामाचाच भाग धरावा. नुसते पाणी पुरत नाही. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर डाख करू नये आणि कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. युरोपने २००६ पासून विक्रीच्या बहुतेक विद्युत उपकरणांत शिशावर बंधन घातले, त्यामुळे बिनशिशाची तारही बाजारात मिळते. ती १८३ ऐवजी सुमारे २२० अंशांवर वितळते आणि नवशिक्याच्या हाताला जरा हट्टी वाटते. तरीही ज्यांना घरातच, लेकराबाळांत काम करावे लागते त्यांनी तीच घ्यावी, असे आम्ही म्हणू. हात मात्र तेव्हाही धुवायचेच.

आता प्रत्यक्ष हाताबद्दल. सुरुवातीला पंचवीस वॅटचे, तीन पिनांचे आयर्न आणि वजनदार स्टँड पुरे. भंगारातला एखादा बंद रेडिओ घ्यावा आणि त्याचे भाग काढून पुन्हा लावण्यात पंधरा दिवस घालवावेत. आयर्नचे टोक ओल्या स्पंजावर पुसून त्याला किंचित डाख लावून घ्यावा. मग टोक भागाच्या पायाला आणि तांब्याच्या चकतीला एकदम टेकवावे, क्षणभर थांबावे आणि तार टोकाला न लावता जोडाला लावावी. दोन-तीन सेकंदांत काम झाले पाहिजे. चकचकीत, चकतीकडे उतरता झालेला जोड पक्का. गोळ्यासारखा बसला असेल तर खालचे तांबे तापलेच नव्हते. तो आज चालेल, पण महिन्याने गिऱ्हाईक भांडायला येईल. नळकामाची आम्लाची पेस्ट बोर्डाला कधीही लावू नये, ती मागे राहून तांबे खाते. जादा पाय कापताना तुकडा उडतो, म्हणून चष्मा घालावा. आयर्न हातातून निसटले तर पडू द्यावे, झेलायला जाऊ नये. नायलॉनचा शर्ट घालून बसू नये, तो वितळून कातडीला चिकटतो. आणि भाजलेच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे हात धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये.

विजेच्या धोक्यापुढे भाजणे किरकोळ आहे. आमच्या ओळखीच्या एका पोराने दुकानात प्लग काढलेला चार्जर उघडला आणि त्याला असा झटका बसला की तो खुर्चीसकट मागे पडला. प्लग काढला म्हणजे वीज गेली, हेच त्याला शिकवले होते. २३० व्होल्टचा पुरवठा आत सरळ केला की मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या घरात दाब साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. पुष्कळ उस्ताद तिथे पेचकस लावून ठिणगी पाडतात. ही मर्दुमकी कशासाठी? दहा किलोओहम, पाच वॅटचा रेझिस्टर झाकलेल्या तारांनी जोडून दहा-पंधरा सेकंद लावावा आणि मग मीटरने पाहावे. स्वस्त एलईडी बल्बचा बोर्ड तर कित्येकदा थेट मेन लाइनला जोडलेला असतो, त्यामुळे चालू बल्बच्या बोर्डाला कुठेही बोट लावणे धोक्याचे. मोबाइलच्या लिथियम सेलवर आयर्न टेकवले तर आग लागू शकते. नवशिक्याने पहिले काही महिने बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंपलीकडे जाऊ नये, असे आम्हाला वाटते. उस्तादांना हे पटणार नाही. त्यांना शिकाऊ पोर लवकर कमावते व्हायला हवे असते, आणि दुकानाचे भाडे पाहता त्यांचाही दोष पुरता म्हणता येत नाही.

ज्याला दोन वर्षे देता येतील त्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करावा. प्रमाणपत्र हाती असले की नोकरीचे दारही उघडे राहते. ज्याला ते जमत नाही त्याच्या वडिलांनी मुलाला हवाली करण्याआधी त्या दुकानात अर्धा तास बसून यावे. आयर्नला स्टँड आहे का, धूर कुठे जातो आणि नळाजवळ साबणाची वडी आहे का, एवढे पाहिले तरी तिथला उस्ताद कसा आहे ते कळेल.