मुक्या जीवाचे डोळे

मांजराचा डोळा दुखला, तर डॉक्टर कशाला? आपोआप बरा होईल, असे पुष्कळांना वाटते. मला हे मत पटत नाही.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. एके काळी तेथे शेते होती. आता संगणक कंपन्यांच्या उंच इमारती आहेत. २०२३ साली तेथे मेट्रोचे बांधकाम चालू होते व रस्त्यावर धूळ उडत असे. त्या दिवसांत आमच्या मनीचा एक डोळा लाल झाला. त्यातून सारखे पाणी येई. मनी डोळा मिटून बसे आणि पंजाने चोळत राही.

"धूळ गेली असेल," असे आम्ही सर्वजण म्हणालो. शेजारच्या काकांनी आपल्या डोळ्यांचे उरलेले औषध आणून दिले. त्यांचा हेतू चांगला होता. पण आईने ते औषध घातले नाही. ती मनीला टोपलीत घालून पशुवैद्यांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी मनीच्या डोळ्यात रंगाचा एक थेंब टाकला आणि निळ्या दिव्याने पाहिले. बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकला! काकांच्या औषधात स्टेरॉइड होते. अशा जखमेवर ते घातले, तर जखम चिघळते. डोळा कायमचा जाऊ शकतो.

लाल डोळ्याचे कारण नेहमी धूळच असते, असे नाही. कधी ओरखडा असतो, तर कधी विषाणू किंवा जीवाणू असतात. असा रोग एका मांजराकडून दुसऱ्याला होतो. बाहेरून मात्र सर्व डोळे सारखेच लाल दिसतात. म्हणून अंदाजाने औषध घालणे धोक्याचे आहे.

मग घरी काय करावे? पाणी उकळून कोमट करावे. स्वच्छ कापूस त्यात भिजवून डोळ्याभोवतीची घाण हळूच पुसावी. प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा कापूस घ्यावा. नंतर हात साबणाने धुवावेत. पुढचे काम डॉक्टरांचे.

कोणी म्हणेल, "खर्च कसा परवडणार?" प्रश्न खरा आहे. त्यासाठी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत.

१९६० च्या कायद्याप्रमाणे पाळलेल्या प्राण्याची काळजी घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. प्राणिमात्रांवर दया करावी, असे आपले संविधानही सांगते. पण दया म्हणजे केवळ वाटीभर दूध नव्हे. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याचे दुखणे नीट तपासून घेणे, हीच खरी दया.