नोकरी सोडू का? आधी निक पोपची गोष्ट वाचा



"सर, नोकरी सोडून धंद्यात पूर्णवेळ उतरू का?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली असतोच. माझं मत सरळ आहे: पहिल्याच दिवशी नोकरी सोडू नका. का ते सांगतो, पण त्यासाठी जरा इंग्लंडला जाऊ.

निक पोप हा फुटबॉलमधला गोलकीपर. 16 वर्षांचा असताना इप्सविच टाउन क्लबने त्याला सोडून दिलं. तो बरी टाउन नावाच्या छोट्या क्लबकडून खेळू लागला. तिथल्या पैशात भागत नाही, म्हणून गड्याने घरोघरी दूध पोचवायचं काम केलं. हो, आपल्याकडे घालतात तसा रतीब! खेळ सोडला नाही आणि कमाईही सोडली नाही.

2011 मध्ये चार्ल्टन क्लबने त्याला घेतलं. पण लगेच मोठं मैदान मिळालं का? नाही. हॅरो, वेलिंग, केंब्रिज, ऑल्डरशॉट, यॉर्क, बरी अशा सहा क्लबांकडे त्याला लोनवर पाठवलं. 2016 मध्ये तो बर्नलीत आला, तोही दुसऱ्या नंबरचा गोलकीपर म्हणून. पहिल्या वर्षी प्रीमियर लीगचा एकही सामना मिळाला नाही. सप्टेंबर 2017 मध्ये कॅप्टन टॉम हीटनचा खांदा निखळला, आणि पोप पहिल्या हाफमध्येच मैदानात उतरला. बर्नलीने तो सामना 1-0 ने जिंकला, सीझन सातव्या नंबरवर संपवला. 2018 च्या वर्ल्ड कपसाठी इंग्लंडच्या संघात पोपचं नाव होतं!

आता काही जण म्हणतील, "सर, परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस जीव तोडून लढत नाही." बरोबर आहे. पण सिंहगडाची गोष्ट नीट आठवा. दोर कापले ते मावळे गडावर पोचल्यावर. पायथ्याशीच कापले असते तर चढले कसे असते?

पायथ्याशी दोर कापणं म्हणजे काय? बायकोचे दागिने गहाण, पीएफ मोडलेला आणि हातात एकही पक्कं गिऱ्हाईक नाही. मग पहिलं गिऱ्हाईक येतं आणि तुम्ही घाबरून पडेल त्या भावाला माल देता. पगार चालू असेल तर "या भावात परवडत नाही" असं सांगायची ताकद राहते.

आणि खरं बोलूया. रतीब घालणारा प्रत्येक पोरगा निक पोप होत नाही. तुमचाही धंदा चालेलच याची हमी मी देणार नाही. म्हणूनच तर घरची चूल वेगळ्या पैशावर पेटती ठेवायची.

मग नोकरी सोडायची कधी? धंदा तुम्हाला "करार" देईल तेव्हा. माझा हिशोब असा: सलग सहा महिने घरखर्च धंद्यातून निघाला, ठरलेली गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा आली आणि वेळ नाही म्हणून ऑर्डर परत करावी लागली, तर समजा गड चढलात. मग खुशाल दोर कापा.

तोपर्यंत पहाटेचे दोन तास आणि रविवार धंद्याला द्या. संधी कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती येईल तेव्हा ग्लोव्ह्ज घालून तयार असणं मात्र आहे.

तुमचा गड किती चढून झालाय? कॉमेंटमध्ये लिहा.