घरातला सॉना आणि वेबसाइटचं पान

वैशाखातल्या भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावर अर्धा तास खरेदी केली की घाम फुकट निघतो, मग घरात पैसे टाकून सॉना कशाला, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण मोठ्या फ्लॅटमधून हल्ली ही हौस शिरू लागली आहे, आणि तिची सुरुवात दुकानात नव्हे, तर मोबाइलवर दिसणाऱ्या वेबसाइटपासून होते. म्हणून आज त्या पानाविषयीच बोलू या.

वाफेचा शेक आपल्याला नवा नाही. १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेल्या उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमामुळे बाष्पस्नान हा शब्द पुणेकरांच्या चांगला ओळखीचा आहे. सॉना मात्र फिनलंडचा. बाष्पस्नानात दमट वाफ असते आणि उष्णता साधारण ४० ते ५० अंश. सॉनात लाकडी खोली, तापलेले दगड आणि कोरडी हवा, तीही ७० ते १०० अंशांपर्यंत! दोन्ही प्रकार एकाच नावाखाली दाखवणारं पान दिसलं, तर तिथेच सावध व्हा.

माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईवडिलांनी घरोघरी सॉना बसवण्याचा व्यवसाय सुरू केला. वेबसाइटचं मराठी तपासायला त्यांनी कागद माझ्याकडे दिले. फोटो सुरेख, ‘राजेशाही अनुभव’ वगैरे शब्दही झोकदार. पण घर चालवणाऱ्या बाईला जे विचारायचं असतं, त्यातलं एकही उत्तर तिथे नव्हतं. समासात मी प्रश्नच लिहून दिले. तुम्हीही ते वहीत उतरवून ठेवा.

पहिला प्रश्न जागेचा. खोलीची आतली लांबी, रुंदी, उंची फुटांत दिली आहे का? दार बाहेर उघडतं ना? आणि त्याला आतून कडी नाही ना? आत कुणाला चक्कर आली, तर हेच दार जीव वाचवतं.

दुसरा विजेचा. साधारण एक घनमीटर जागेला एक किलोवॅट असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे दोन माणसांच्या लहान खोलीलाही तीन किलोवॅटचा हीटर लागतो. रोज तासभर चालला, तर महिन्याला नव्वद युनिटांपर्यंत मजल जाते. युनिटं वाढली की वरच्या टप्प्याचा दरही वाढतो, हे आपल्याला बिलावरून ठाऊकच आहे. मीटरचा मंजूर भार पुरेल का, वेगळी वायर, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच कोण बसवणार, हे पानावर स्पष्ट हवं.

तिसरा किमतीचा. माल, वाहतूक, सुतारकाम, वायरिंग, कर सगळं धरून किती? ‘किमतीसाठी फोन करा’ एवढंच लिहिलं असेल, तर सगळा हिशेब लेखी मागवा. आणि हीटर बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, किती वर्षांची हमी, हेही त्याच कागदावर घ्या.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कुणी बसू नये, हे लिहिलं आहे का? गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाची माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. लहान मुलांना एकटं सोडू नये. ‘चरबी वितळते’ अशी जाहिरात तर वाचून सोडून द्या. वजन उतरतं ते घामातल्या पाण्याचं, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं! सासूबाईंच्या रक्तदाबापेक्षा विक्रेत्याचा फोटो मोठा नाही, हो ना?

आता पानाच्या मांडणीतली एक खोड सांगते. ‘फक्त दोनच शिल्लक’, ‘सवलत दहा मिनिटांत संपणार’ असे आकडे डोळ्यांपुढे नाचवतात. खोटी घाई लावणं आणि शेवटच्या पायरीला हळूच जादा आकार जोडणं, या दोन्हींना केंद्र सरकारच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. ऑनलाइन माल विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर द्यावं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी, असं २०२० चे नियम सांगतात. दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी आपल्या पुण्यातूनच सुरू केली. त्या गावच्या आपण गृहिणी, प्रश्न विचारायला लाजायचं कशाला?

त्या जोडप्याने समासातले प्रश्न जसेच्या तसे वेबसाइटवर घातले, खाली उत्तरं लिहिली आणि कुणी बसू नये ती यादी सगळ्यांत वर ठेवली. जो विक्रेता ‘तुम्हाला हे नको’ असंही सांगतो, त्याच्या ‘घ्या’वर विश्वास ठेवायला हरकत नाही. बाकीच्यांना आधी वहीतले प्रश्न पाठवा, आणि लेखी उत्तरं येईपर्यंत पैशाचा डबा बंदच राहू द्या.