वेदनेचा बाजार आणि अफूची भीती

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचे एक दुकान आहे. संध्याकाळी कामे सुटली की तेथे फौंड्रीतले कामगार, सेंट्रिंगचे मजूर आणि धुणीभांडी करणाऱ्या बाया येतात. ‘अंगदुखीची गोळी द्या’ एवढेच बोलणे होते. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागत नाही, कोणी दाखवीत नाही. गुडघ्यांमुळे मीही त्याच रांगेतला. फरक इतकाच, की मला निवृत्तिवेतन मिळते; उद्या मी घरी बसलो तर माझी चूल विझणार नाही.

अफूजन्य वेदनाशामकांनी अमेरिकेत केलेला अनर्थ आपण वाचतो. १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनच्या व्यसनाचा धोका उत्पादकांनी लपविला आणि २००७ मध्ये तो गुन्हा न्यायालयात कबूल केला. आपणही सोवळे नाही. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या महाराष्ट्रातील एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत जात असल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. तेव्हा अफूला पर्याय शोधावा, हे म्हणणे रास्तच आहे. परंतु पर्यायांचाही हिशेब मांडला पाहिजे.

पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सौम्य. पण प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली, की यकृताला धोका पोहोचतो. दारू पिणाऱ्याला तर त्याआधीच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या शरीरातील ज्या द्रव्याची निर्मिती रोखून वेदना शमवितात, तेच द्रव्य जठराचे अस्तर सांभाळते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखते. म्हणून उन्हात घाम गाळून, पुरेसे पाणी न पिता ऊस तोडणाऱ्या मजुराने ही गोळी रोज घेणे म्हणजे मूत्रपिंड गहाण टाकणे होय. याच कुळातील रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. नसांच्या दुखण्यावरील गॅबापेंटिनने गुंगी व चक्कर येते. मचाणावर चढणाऱ्याला ती परवडत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने मान्यता दिलेले सुझेट्रिजिन अफूच्या वाटेने जात नाही. पण ते तात्पुरत्या तीव्र वेदनेपुरते आहे आणि बाजारात आले तेव्हा एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती!

मग अफूच बरी काय? तसेही नाही. पाठ, खुबा व गुडघा यांच्या जुनाट दुखण्यावर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या अनुभवात अफूजन्य औषधे साध्या औषधांहून सरस ठरली नाहीत. अशा दुखण्याला नियमित व्यायाम, भौतिकोपचार आणि ओझ्यापासून सुटका हे खरे उपाय. त्यांना दुष्परिणाम नाहीत म्हटले तरी चालेल. मात्र त्यांना वेळ लागतो, आणि वेळ ही मजुराजवळ नसलेली वस्तू आहे. गोळीची खरी किंमत वेष्टनावर छापलेली नसते. मालक विश्रांतीचा खर्च वाचवितो, तो मजुराच्या मूत्रपिंडातून वसूल होतो.

कर्करोगाच्या अखेरच्या वेदनेची गोष्ट निराळी. तेथे मॉर्फिनला तोडीस तोड स्वस्त पर्याय आजही नाही. बद्धकोष्ठ, मळमळ, मात्रा चुकल्यास श्वास मंदावणे हे त्याचे दोष खरे. पण जाणत्या हाती ते आवरता येतात. आपला देश औषधासाठी कायदेशीररीत्या अफू पिकवितो. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ७१६ किलोवरून १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्याची वाट सोपी केली, पण डॉक्टरांच्या मनातील भीती कायद्याच्या कलमाने जात नाही. शिवाय स्वस्त मॉर्फिनच्या गोळीत नफा नाही. म्हणून तिचा प्रचार करायला कोणी विक्रेता दवाखान्याच्या पायऱ्या चढत नाही. जगाची स्थितीही हीच. लॅन्सेट आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार, वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे २९८ टन अफूजन्य औषधांपैकी अवघा ०.१ टन सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतो.

थोडक्यात, ज्याला विश्रांती हवी त्याच्या हाती आपण गोळी ठेवतो आणि ज्याला गोळी हवी त्याला नुसता धीर देतो. हे उलटे व्हायला हवे. केरळने २००८ मध्ये वेदनाशमनाचे सरकारी धोरण आखले आणि गावोगावच्या स्वयंसेवकांना त्यात सामावून घेतले. आपल्या कार्यकर्त्यांना हे अशक्य नाही. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे का, ग्रामीण रुग्णालयात भौतिकोपचारतज्ज्ञ आहे का, उसाच्या फडावर पाणी आणि सावली आहे का, हे तीन प्रश्न प्रत्येक तालुक्यात विचारले जावेत. वेदनेची तक्रार दुर्बळांचे गाऱ्हाणे म्हणून सोडून देणे आपल्याला शोभणारे नाही.