न उडणारा राघू

सणाच्या दिवशी घरी कोंबडी शिजली, तर तिच्या छातीचे हाड टाकून देण्यापूर्वी वाचकांनी ते एकवार निरखून पाहावे. त्याच्या मधोमध नावेच्या तळासारखी एक उभी धार असते. पंख हलविणारे स्नायू ह्याच धारेला जडलेले असतात.

न्यूझीलंडमधील काकापो नावाच्या पोपटाच्या छातीवर ही धार जवळजवळ नाहीच. माओरी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘रात्रीचा पोपट’. पंखांची हाडे आखूड, कंबरेचे हाड रुंद, पाय दणकट. नराचे वजन कधी कधी चार किलोही भरते. पोपटांत इतका जड दुसरा नाही आणि न उडणाराही हा एकटाच. बाकी ठेवण आपल्या राघूचीच : तीच बाकदार चोच, दोन बोटे पुढे, दोन मागे.

‘मग देवाने त्याला पंख दिले कशाला?’ धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारले. प्रश्न वाजवी होता. काकापो चोचीच्या व पायांच्या आधाराने झाडावर चढतो आणि खाली येताना पंख पसरून तोल सावरतो. पंखांचे काम तेवढेच.

त्या देशात पूर्वी वटवाघळे सोडल्यास जमिनीवर वावरणारे सस्तन प्राणी नव्हते. भय होते ते आकाशातून झडप घालणाऱ्या पक्ष्यांचे. त्यासाठी शेवाळी रंगाच्या काकापोने निश्चल बसणे पुरेसे असे. पुढे माणसांबरोबर उंदीर, कुत्री व मांजरे आली. सशांचा उपद्रव वाढला, म्हणून १८८० नंतरच्या दशकात मुंगसासारखे स्टोट आणून सोडण्यात आले. ते ससेही माणसांनीच आणलेले! (एक चूक झाकावयास दुसरी करण्याची रीत आम्हां गावकऱ्यांनाही अपरिचित नाही.) वासाने माग काढणाऱ्या शत्रूपुढे निश्चल बसणे म्हणजे मरणच होते.

रिचर्ड हेन्री ह्या गृहस्थांनी १८९४ पासून शेकडो काकापो व किवी पक्षी पकडून, नावेतून रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडले. काही वर्षांतच स्टोट पोहत त्या बेटावरही पोहोचले. त्या माणसाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ह्याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो.

१९९५ साली जगात अवघे ५१ काकापो उरले होते. उरलेले पक्षी शत्रूविरहित बेटांवर नेऊन त्यांची राखण चालली. काम धीराचे होते. कारण रिमू वृक्षाला भरपूर फळ धरेल त्याच वर्षी, म्हणजे दोन ते चार वर्षांनी एकदा, मादी अंडी घालते, आणि पिलांना एकटीच वाढविते. २०२२ साली गणना २५२ वर गेली.

१९७५ साली फियोर्डलंडच्या डोंगरांत एक एकटा नर सापडला होता. त्याला रिचर्ड हेन्री हेच नाव देण्यात आले. १९९८ साली माॅड बेटावर त्याला तीन पिले झाली.